विज्ञान, शिक्षण आणि अहिंसेचे उपासक : डॉ. दौलतसिंह कोठारी

सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र ही जैन परंपरेने सांगितलेली तीन रत्ने आहेत. यांतील ज्ञानाला मध्यभागी स्थान आहे. त्याच्या एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला आचरण असल्याशिवाय ते पूर्णत्वास जात नाही. विसाव्या शतकात विज्ञानाने मनुष्याच्या हाती अपार सामर्थ्य दिले आणि त्याबरोबरच सर्वनाशाचे साधनही दिले. अशा काळात केवळ ज्ञान पुरेसे आहे काय, हा प्रश्न ज्या मोजक्या भारतीय वैज्ञानिकांनी आयुष्यभर मनाशी बाळगला, त्यांत डॉ. दौलतसिंह कोठारी यांचे नाव अग्रभागी आहे. ते श्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञ होते, स्वतंत्र भारताच्या संरक्षण संशोधनाचे शिल्पकार होते आणि देशातील शाळा-महाविद्यालयांचा आराखडा आखणाऱ्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष होते. त्याचबरोबर अहिंसा आणि अनेकान्त यांवर अढळ निष्ठा असलेले ते जैन श्रावकही होते. या दोन्ही भूमिका त्यांनी कशा सांभाळल्या, यातच त्यांच्या चरित्राचे सार आहे.

मेवाडातील बालपण

दौलतसिंहांचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी, ६ जुलै रोजी, मेवाड संस्थानाची राजधानी असलेल्या उदयपूर येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. घरात संपत्ती नव्हती, परंतु विद्येची आणि धर्माची आस्था होती. दौलतसिंह लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. भावंडांत ते वडील, त्यामुळे शिक्षण सोडून लहानसहान नोकरी पत्करण्याची वेळ त्यांच्यावर येणे अगदी स्वाभाविक होते.

ही वेळ टळली ती वडिलांच्या एका स्नेह्यामुळे. मूळचे उदयपूरचे आणि पुढे इंदूरच्या होळकर संस्थानाचे प्रधानमंत्री झालेले सर सिरेमल बापना यांनी या होतकरू मुलाला इंदूरला नेले. तेथील महाराजा शिवाजीराव हायस्कूलमधून दौलतसिंह १९२२ मध्ये मॅट्रिक झाले. त्यानंतर उदयपूरला परतून त्यांनी इंटरमिजिएटची परीक्षा उत्तम यश मिळवून पूर्ण केली. त्यांची गुणवत्ता पाहून मेवाडच्या महाराणांनी दरमहा ५० रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि अलाहाबाद विद्यापीठाचा मार्ग मोकळा झाला.

एका स्नेह्याचा आधार आणि एक शिष्यवृत्ती एवढ्यावर एका कुटुंबाचे, आणि पुढे एका देशाच्या शिक्षणाचेही, भवितव्य पालटले. चार दानांत ज्ञानदानाचा महिमा शास्त्रांनी का गायिला आहे, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

गुरू आणि संशोधन

अलाहाबादला दौलतसिंहांना मेघनाद साहा यांच्यासारखे गुरू लाभले. ताऱ्यांच्या प्रचंड उष्णतेमुळे अणूतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. या प्रक्रियेला आयनीभवन म्हणतात. साहांनी १९२० मध्ये तिचे सूत्र मांडून जागतिक कीर्ती मिळवली होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली दौलतसिंहांनी १९२८ मध्ये एम.एस्सी. पदवी संपादन केली. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १९३० मध्ये ते केंब्रिजला गेले. लॉर्ड रदरफोर्ड यांच्या नेतृत्वाखालील कॅव्हेंडिश प्रयोगशाळा तेव्हा अणुविज्ञानाची पंढरी मानली जात होती. तेथे आर. एच. फाउलर यांच्यासारख्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाच्या सहवासात त्यांनी संशोधन केले आणि १९३३ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

परदेशात राहण्याचा मोह न धरता ते मायदेशी परतले आणि १९३४ मध्ये दिल्ली विद्यापीठात रुजू झाले. त्या वेळी हे विद्यापीठ अवघे बारा वर्षांचे होते. साधने तुटपुंजी होती. अशा परिस्थितीत तेथील भौतिकशास्त्र विभागाची उभारणी त्यांनी केली. १९४२ मध्ये ते प्राध्यापक झाले. १९६१ पर्यंत या विद्यापीठाशी त्यांचे नाते टिकून राहिले.

याच काळात त्यांचे सर्वात महत्त्वाचे संशोधन झाले. साहांनी उष्णतेमुळे होणारे आयनीभवन सांगितले होते, तर कोठारींनी केवळ दाबामुळे होणाऱ्या आयनीभवनाचा सिद्धांत विकसित केला. द्रव्यावरील दाब अतोनात वाढला की अणू एकमेकांच्या इतके निकट येतात की कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या अणूचा, हा भेदच उरत नाही. द्रव्य थंड असले तरीही इलेक्ट्रॉन मोकळे होतात. इंधन संपलेल्या, अतिघन अशा श्वेतबटू ताऱ्यांच्या अंतरंगात हेच घडत असते.

हाच विचार त्यांनी ग्रहांना लावला, तेव्हा एक विलक्षण निष्कर्ष हाती आला. थंड द्रव्याच्या गोलात भर घालत गेल्यास तो काही मर्यादेपर्यंतच वाढतो. त्यापुढे आणखी द्रव्य घातले तर दाब इतका वाढतो की गोल मोठा होण्याऐवजी आक्रसू लागतो. ही कमाल मर्यादा जवळपास आपल्या सूर्यमालेतील गुरू ग्रहाएवढीच येते. १९३६ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधांनी हे दाखवून दिले. १९९५ नंतर परक्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडू लागले, तेव्हा त्यांतील अनेक ग्रह वस्तुमानाने गुरूच्या कित्येक पट असूनही आकाराने त्याच्या आसपासच असल्याचे आढळले. दिल्लीत कागद-पेन्सिलीच्या साहाय्याने केलेले गणित अशा रीतीने साठ वर्षांनंतरही कसाला उतरले.

संरक्षण विज्ञानाची पायाभरणी

देश स्वतंत्र झाला आणि लगेच काश्मीरच्या युद्धाला सामोरे जावे लागले. सैन्याची शस्त्रे, दारूगोळा, दळणवळणाची उपकरणे सारे काही परकीयांवर अवलंबून होते. संरक्षणाला विज्ञानाची जोड देण्याविषयी सरकारने विख्यात ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पी. एम. एस. ब्लॅकेट यांचा सल्ला घेतला आणि १९४८ मध्ये संरक्षण विज्ञान संघटनेची स्थापना झाली. संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार म्हणून पंडित जवाहरलाल नेहरूंनी डॉ. कोठारी यांची निवड केली.

ताऱ्यांचे अंतरंग अभ्यासणाऱ्या या प्राध्यापकापुढे कोरी पाटी होती. तयार प्रयोगशाळा नव्हत्या, प्रशिक्षित माणसे नव्हती. त्यांनी विद्यापीठांतील शिक्षकांना आणि तरुण संशोधकांना या कामात ओढून घेतले. प्रक्षेपणशास्त्र, स्फोटके आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्याबरोबरच सैनिकाचा आहार, त्याचे शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र हेही त्यांनी संरक्षण विज्ञानाचे विषय मानले. शस्त्र धरणाऱ्या माणसाचा विचार शस्त्राइतकाच महत्त्वाचा आहे, ही त्यांची दृष्टी होती. दिल्लीत संरक्षण विज्ञान प्रयोगशाळा, सागरी संशोधनासाठी कोची येथे नौदलाची भौतिकी प्रयोगशाळा, वाळवंटातील प्रश्नांसाठी जोधपूर येथे १९५९ मध्ये प्रयोगशाळा अशी केंद्रे एकापाठोपाठ उभी राहिली. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी येथे १९५२ मध्ये शस्त्रविद्येच्या अध्ययनासाठी संस्था सुरू झाली. तीच पुढे गिरिनगर येथे विस्तारली आणि आता संरक्षण क्षेत्रातील अभिमत विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. १९५८ मध्ये तांत्रिक विकास आस्थापना आणि संरक्षण विज्ञान संघटना यांच्या एकत्रीकरणातून संरक्षण संशोधन आणि विकास संघटना, अर्थात डीआरडीओ, अस्तित्वात आली. तिचा पाया डॉ. कोठारी यांनी घातलेला होता.

अहिंसाधर्मीने शस्त्रसंशोधनाची धुरा वाहावी काय, हा प्रश्न येथे उभा राहतोच. जैन आचारशास्त्राने त्याचा विचार पूर्वीच केला आहे. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. संकल्पी हिंसा, म्हणजे हेतुपुरस्सर दुसऱ्याचा घात, श्रावकाला सर्वथा वर्ज्य आहे. परंतु आक्रमणापासून देशाचे आणि आश्रितांचे रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही, हे शास्त्रांनी मान्य केले आहे. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींची भव्य मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय हे गंग राजांचे सेनापती होते. मेवाडच्याच भामाशाहांनी महाराणा प्रतापांच्या रणसंग्रामासाठी आपले धन अर्पण केले होते. डॉ. कोठारी याच परंपरेतील होते. मात्र चामुंडरायांच्या काळी तलवारीचा घाव एका माणसापुरता मर्यादित होता. डॉ. कोठारींच्या काळी एका बॉम्बने अख्खे शहर भस्मसात होत होते. त्यामुळे जुने उत्तर हाताशी असूनही त्यांना पुढचा विचार करणे भाग पडले.

अणुस्फोटांविषयीचा ग्रंथ

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर किरणोत्सारी राख पडली आणि तिच्यावरील २३ खलाशी बाधित झाले. युद्ध नसताना, शत्रुत्व नसताना निरपराध माणसे बळी पडू शकतात, हे जगाला प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले. महिन्याभरातच पंडित नेहरूंनी अशा चाचण्या थांबवण्याचे जाहीर आवाहन केले. या स्फोटांचे परिणाम नेमके काय होतात, याचा वस्तुनिष्ठ अभ्यास सामान्य वाचकांपुढे ठेवण्याचे काम डॉ. कोठारींकडे आले.

त्यातून १९५६ मध्ये ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ हा ग्रंथ भारत सरकारच्या प्रकाशन विभागातर्फे प्रसिद्ध झाला. त्यासाठी डॉ. होमी भाभा यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांचे साहाय्य लाभले आणि स्वतः नेहरूंनी त्याला प्रस्तावना लिहिली. स्फोटाचा धक्का किती अंतरापर्यंत पोहोचतो, उष्णता काय करते, किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर कोठवर जाते, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून बालकाच्या हाडांत ती कशी शिरते, आनुवंशिकतेवर तिचा काय परिणाम संभवतो, हे सारे त्यात मांडले होते. १९५८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि परकीय भाषांतही त्याचे अनुवाद झाले.

या ग्रंथात आक्रोश नाही, आरोप नाहीत, कोणत्याही राष्ट्राचा धिक्कार नाही. आकडे, कारणे आणि परिणाम एवढेच आहे. तरीही तो वाचल्यावर अणुयुद्धाचे समर्थन करणे विवेकी माणसाला अशक्य व्हावे, अशी त्याची शक्ती आहे. अज्ञान हे हिंसेचे मूळ आहे, ही जैन विचारधारा येथे विज्ञानाच्या भाषेत प्रकट झालेली दिसते. शस्त्रविज्ञानाच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीनेच शस्त्राचे भीषण सत्य जनतेला सांगावे, असे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच. १९६३ मध्ये वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने त्यावर तत्परतेने स्वाक्षरी केली.

शिक्षणाचा आराखडा

१९६१ मध्ये डॉ. कोठारी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्यापूर्वी या पदावर महाराष्ट्राचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख होते. ही जबाबदारी त्यांनी १९७३ पर्यंत, सलग बारा वर्षे सांभाळली. देशभर नवी विद्यापीठे निघत होती. संख्येबरोबर गुणवत्ताही वाढावी म्हणून निवडक विभागांना प्रगत अध्ययन केंद्रांचा दर्जा देण्याची योजना त्यांच्या कारकिर्दीत १९६३ मध्ये सुरू झाली. भारतीय भाषांतून विज्ञान शिकवता यावे यासाठी १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाचे पहिले अध्यक्षही तेच होते.

तथापि घराघरात त्यांचे नाव पोहोचले ते शिक्षण आयोगामुळे. केंद्रीय शिक्षणमंत्री एम. सी. छगला यांच्या काळात जुलै १९६४ मध्ये हा आयोग नेमण्यात आला. सतरा सदस्यांत इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि जपान या देशांतील तज्ज्ञही होते. सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र, थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या नाईकांचा ग्रामीण शिक्षणाचा अनुभव आणि डॉ. कोठारींची वैज्ञानिक दृष्टी यांचा संगम या आयोगात झाला. गांधीजयंतीच्या दिवशी, २ ऑक्टोबर १९६४ रोजी, काम सुरू झाले. १२ कृतिदले आणि ७ कार्यगटांच्या साहाय्याने पूर्वप्राथमिक वर्गापासून विद्यापीठापर्यंत प्रत्येक अंगाचा विचार झाला. पूर्वीचे आयोग माध्यमिक किंवा उच्च शिक्षणापुरते मर्यादित होते. संपूर्ण शिक्षणाचा एकत्र विचार स्वतंत्र भारतात प्रथमच होत होता. २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर झाला. त्याच्या शीर्षकातच शिक्षण आणि राष्ट्रीय विकास हे शब्द जोडलेले होते.

त्या अहवालाच्या खुणा महाराष्ट्रातील प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत आहेत. अकरावीला होणारी जुनी मॅट्रिक जाऊन १९७० च्या दशकात दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी असा आकृतिबंध आला, तो याच आयोगाच्या शिफारशीनुसार. गणित आणि विज्ञान दहावीपर्यंत सर्वांना, मुलींनाही, अनिवार्य झाले. शालेय वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आला. हाताने काम करण्यात कमीपणा नाही, हा त्यामागील संस्कार होता. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कमवा आणि शिका या मार्गाने तोच संस्कार महाराष्ट्राच्या मातीत आधीच रुजवला होता.

मात्र आयोगाचे सारेच म्हणणे स्वीकारले गेले नाही. श्रीमंत आणि गरीब यांची मुले परिसरातील एकाच शाळेत शेजारी बसून शिकावीत, ही समान शाळेची शिफारस कागदावरच राहिली. १९६५-६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचा २.९ टक्के भाग शिक्षणावर खर्च होत होता. तो १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा, असे आयोगाने सुचवले होते. ती मुदत उलटून गेली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणालाही तेच ६ टक्क्यांचे उद्दिष्ट पुन्हा लिहावे लागले. शिक्षणाचा ढाचा बदलणे सोपे ठरले, समाजाची वृत्ती बदलणे कठीण ठरले. शिक्षणसंस्था चालवणाऱ्या प्रत्येक समाजाने अंतर्मुख होऊन विचार करावा, असा हा भाग आहे.

खेड्यातील मुलांना प्रशासनाचे दार उघडून देणारे आणखी एक कार्य त्यांच्या हातून घडले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षापद्धतीचा विचार करण्यासाठी १९७४ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९७६ मध्ये समितीने अहवाल दिला आणि १९७९ पासून नवी पद्धत अमलात आली. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा हे टप्पे त्यातूनच आले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भारतीय भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभाही त्यातूनच मिळाली. मराठीतून मुख्य परीक्षा देऊन सनदी अधिकारी होणे शक्य झाले, त्यामागे ही समिती आहे.

अनेकान्त आणि आधुनिक विज्ञान

निवृत्तीनंतर डॉ. कोठारींचे लेखन आणि चिंतन अधिकाधिक विज्ञान व अध्यात्म यांच्या संबंधाकडे वळले. महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. अनेकान्तवाद हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता.

विज्ञानाच्या प्रांतात स्याद्वादाकडे लक्ष वेधणारे ते एकटे नव्हते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ मध्ये संख्याशास्त्राच्या व तर्काच्या अंगाने त्याचा विचार मांडला होता. डॉ. कोठारींनी त्याचा संबंध नील्स बोर यांच्या पूरकतेच्या तत्त्वाशी जोडला. प्रकाश किंवा इलेक्ट्रॉन एका प्रयोगात लहरीसारखा, तर दुसऱ्या प्रयोगात कणासारखा आढळतो. ही दोन्ही वर्णने परस्परविरोधी भासतात, तरी संपूर्ण चित्रासाठी दोन्ही आवश्यक असतात. कथंचित् आहे, कथंचित् नाही, कथंचित् अवक्तव्य आहे, असे सप्तभंगीतून सांगणाऱ्या स्याद्वादाची विचारपद्धती याच्याशी जुळणारी आहे, हे त्यांनी दाखवले. बोर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९८५ मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय ग्रंथात पूरकता आणि पौर्वात्य तत्त्वज्ञान या विषयावरील त्यांचा लेख समाविष्ट आहे.

साम्य दाखवणे म्हणजे प्राचीन आचार्यांना आधुनिक भौतिकशास्त्र अवगत होते असा दावा करणे नव्हे. स्याद्वादाचे खरे मोल आचरणात आहे. दुसऱ्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असू शकतो, असे मानणे ही विचारांतील अहिंसा आहे. देशोदेशीच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून शिक्षण आयोगाचे काम पूर्णत्वास नेणाऱ्या अध्यक्षाच्या अंगी हीच वृत्ती मुरलेली होती.

सन्मान आणि अखेर

अनेक सन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९६२ मध्ये पद्मभूषण आणि १९७३ मध्ये पद्मविभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. १९६३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसच्या सुवर्णमहोत्सवी अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९७३ मध्ये ते भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलपती म्हणूनही त्यांनी काम पाहिले. ४ फेब्रुवारी १९९३ रोजी जयपूर येथे त्यांचे निधन झाले. २०११ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. विद्यापीठ अनुदान आयोगाने तरुण संशोधकांसाठीच्या शिष्यवृत्तीला त्यांचे नाव दिले. ज्या माणसाचे जीवन एका शिष्यवृत्तीने घडले, त्याच्या नावे शिष्यवृत्ती असावी, यापेक्षा उचित स्मारक कोणते असू शकेल?

डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी ज्ञानाचे सामर्थ्य ओळखले होते आणि त्याची मर्यादाही ओळखली होती. देशाच्या संरक्षणासाठी त्यांनी विज्ञान उभे केले, त्याच विज्ञानाने शस्त्राचे भयावह रूप जगाला दाखवले आणि आयुष्याचा उत्तरार्ध माणूस घडवणाऱ्या शिक्षणाला वाहिला. ज्ञानाला चारित्र्याची आणि सामर्थ्याला अहिंसेची जोड नसेल तर प्रगती हीच आपत्ती ठरते, हा त्यांच्या जीवनाचा संदेश आहे. एखाद्या गरजू विद्यार्थ्याची फी भरली जाते, वसतिगृहात त्याला जागा मिळते, त्याच्या हाती पुस्तक दिले जाते, तेव्हा उदयपूरच्या त्या पितृहीन मुलाला मिळालेला आधार पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. त्यांच्या स्मृतीला हेच खरे अभिवादन होय.